एका नगराचे लांछन

दिवाळीच्या संध्याकाळी अंगणात भुईचक्र सुटले, की बायका लुगड्याचे काठ सावरतात, पोरे एका पायावर नाचतात आणि ठिणग्यांचे ते वर्तुळ क्षणभर सगळ्या घराचे लक्ष वेधून घेते. इंग्रजांच्या देशात हेच चक्र जमिनीवर सोडीत नाहीत. ते खिळ्याने खांबाला ठोकतात आणि उभे फिरवतात. तिकडे त्याला म्हणतात ‘कॅथरीनचे चाक’. ही कॅथरीन कोण, असा प्रश्न दारू उडविणाऱ्या इंग्रज पोरालाही बहुधा पडत नसेल. आपल्याला मात्र तो पडायला हवा. कारण हे कॅथरीनचे चाक आपल्या कोकणपट्टीच्या दक्षिण टोकाला, मांडवीच्या काठी, एका नगराचे राजचिन्ह होऊन शतकानुशतके मिरवत होते. ते नगर म्हणजे जुने गोवे. कोकणीत पोरणें गोंय.

मी मराठीचा अध्यापक, इतिहास-संशोधक नव्हे. शिलालेख आणि फिरंगी दप्तरे यांचा अधिकार माझा नाही. पण शब्दांची वाट धरून चालले, तर कधी कधी माणूस इतिहासाच्या मागल्या दारी येऊन उभा राहतो. माझे तसे झाले, आणि ज्या शब्दाने मला तेथे आणून सोडले तो शब्द ‘लांछन’.

दोन अर्थांचा शब्द

‘लांछन’ म्हटले की आज आपल्याला डाग आठवतो. कुळाला लांछन, नावाला लांछन. पण संस्कृतात या शब्दाचा पहिला अर्थ अगदी निरुपद्रवी आहे. लांछन म्हणजे खूण, ओळखीचे चिन्ह. जैन मंदिरात गेलात तर तीर्थंकरांच्या मूर्ती एकाच घडणीच्या दिसतात. ओळखायच्या त्या पीठावरच्या लांछनावरून. ऋषभदेवांचा बैल, पार्श्वनाथांचा सर्प, महावीरांचा सिंह. चंद्राला आपण मृगलांछन म्हणतो, तेव्हा त्याच्यावर हरणाची खूण आहे एवढेच सांगावयाचे असते. पण ती खूण काळी आहे, म्हणून कोणा कवीने तिला डाग म्हटले, आणि ओळख व कलंक हे दोन्ही अर्थ एका शब्दाच्या घरात नांदू लागले.

आपल्याकडच्या जुन्या राजवंशांना दोन वेगवेगळी चिन्हे असत. सैन्यापुढे फडके ते ध्वजचिन्ह. ताम्रपटाच्या मुद्रेवर आणि नाण्यावर उमटे ते लांछन. बदामीचे चालुक्य वराहलांछन. कोकणचे शिलाहार स्वतःला सुवर्णगरुडध्वज म्हणवीत. युरोपात नगराचा झेंडा वेगळा आणि ढालीवरचे चिन्ह वेगळे, हा जो भेद करतात, तो आपल्याला परका नव्हता. फरक एवढाच, की आपल्याकडे ही चिन्हे राजघराण्यांची असत. युरोपात ती नगराचीही असत. लिस्बन शहराच्या ढालीवर एक गलबत आहे आणि त्यावर दोन डोमकावळे बसले आहेत. संत व्हिन्सेंटच्या शवाची राखण त्या कावळ्यांनी केली, अशी कथा आहे. राजे बदलले, राजसत्ता जाऊन प्रजासत्ताक आले, पण लिस्बनचे कावळे गलबतावरून उडाले नाहीत.

सिंह आणि वानर

गोव्याच्या भूमीचे पहिले ठळक लांछन मात्र चाक नव्हे. गोव्याचे कदंब राजे सिंहलांछन होते आणि त्यांच्या ध्वजावर वानर होता. ध्वजावर वानर आणि मुद्रेवर सिंह, अशी ही जोडी त्यांच्या बिरुदावलीत येते. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर सिंह उभा आहे, आणि ज्याच्या वरप्रसादाने राज्य मिळाले त्या श्रीसप्तकोटीश्वराचे नाव आहे. या कदंबांची राजधानी गोपकपट्टण जुवारीच्या काठी होती. लोक त्या ठिकाणाला आज थोरलें गोंय म्हणतात. पुढे जुवारीचे बंदर मागे पडले आणि उत्तरेला मांडवीच्या तीरावर ‘एला’ नावाची वस्ती वाढली. ती बहामनींनी आणि विजयनगरने एकमेकांच्या हातून हिसकावली आणि शेवटी ती विजापूरच्या आदिलशहाकडे आली. हेच आपले पोरणें गोंय. त्याच्या समोर, नदीच्या पात्रापलीकडे दिवाडी बेट. सप्तकोटीश्वराचे मूळ स्थान या बेटावर. नावेने पाच-दहा मिनिटांचे अंतर! सिंहाचे देऊळ आणि चाकाचे नगर एवढी जवळ होती.

चाक कोणाचे?

कॅथरीनची कथा ख्रिस्ती जगात फार लाडकी. चौथ्या शतकाच्या आरंभी अलेक्झांड्रियात ही एक विदुषी मुलगी होऊन गेली, असे परंपरा सांगते. वय जेमतेम अठरा. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या सम्राट मॅक्सेंटियसपुढे ती उभी राहिली आणि तुझे करणे अन्यायाचे आहे, असे तिने त्याला तोंडावर सांगितले. सम्राटाने तिला वादात हरविण्यासाठी पन्नास तत्त्ववेत्ते आणले. तिने पन्नासांनाही निरुत्तर केले. आपल्या गार्गीची आठवण व्हावी असा हा प्रसंग आहे. पण गार्गीला याज्ञवल्क्याने नुसता धाक घातला. कॅथरीनसाठी खिळे ठोकलेले चाक तयार करण्यात आले. तिचा स्पर्श होताच ते चाक तुटून पडले. अखेरीस तिचा शिरच्छेद झाला आणि देवदूतांनी तिचा देह सिनाई पर्वतावर नेला. तिच्या नावाचा मठ तेथे आजही आहे. विद्यार्थी, तत्त्वज्ञ आणि चाके घडविणारे सुतार यांची ती पालक-संत.

म्हणजे पाहा, चाक कॅथरीनचे नव्हतेच! ते तिला मारण्यासाठी जुलमी राजाने करविले होते. चित्रकार ते बहुधा मोडके रंगवितात, आणि मोडके असण्यातच त्याचा अर्थ आहे. सत्तेने मतासाठी माणसाचा देह मोडू पाहिला आणि सत्तेचेच हत्यार मोडले, असे ते चिन्ह सांगते. या कथेला इतिहासाचा पुरावा अपुरा म्हणून रोमच्या धर्मपीठाने १९६९ साली तिचा सण सार्वत्रिक पंचांगातून काढला आणि २००२ साली ऐच्छिक म्हणून परत घेतला. तो सण २५ नोव्हेंबरला येतो.

आणि २५ नोव्हेंबर १५१० याच दिवशी आफोंसो द आल्बुकेर्कने गोवे जिंकले. त्याच वर्षाच्या आरंभी होनावरच्या तिमय्याच्या सांगण्यावरून त्याने ते एकदा घेतले होते आणि मे महिन्यात गमावले होते. या दुसऱ्या खेपेस त्याने ते कायमचे घेतले. मग चार दिवस शहरातल्या मुसलमानांची कत्तल चालली. बायका-मुलेही सुटली नाहीत. हे कोणा शत्रूने केलेले वर्णन नव्हे. आल्बुकेर्कने आपल्या राजाला, मानुएलला, पाठविलेल्या पत्रात ते स्वतः लिहिले आहे. विजय कॅथरीनच्या सणाला मिळाला म्हणून कॅथरीन त्या नगराची पालक ठरली आणि तिचे चाक नगराचे चिन्ह झाले. जुलमाचे मोडलेले हत्यार विजयाची निशाणी होऊन बसले. अठरा वर्षांच्या त्या मुलीला हे कोणी विचारले असते, तर तिने एकावन्नावा वाद नक्की घातला असता.

नगराचा मुकुट

युरोपातली नगरचिन्हे म्हणजे नुसती शोभा नव्हे. ते एक व्याकरण आहे. मराठीच्या अध्यापकाला व्याकरणाचे प्रेम असणारच, म्हणून थोडे सांगतो. मध्ये ढाल, ढालीवर त्या गावाची खूण, ढालीच्या डोक्यावर तटबंदीच्या आकाराचा मुकुट. पोर्तुगालने १९३० साली या मुकुटाचे नियम बांधून दिले. राजधानीचा मुकुट सोनेरी, पाच बुरुजांचा. इतर शहरांचा पाच बुरुजांचाच, पण रुपेरी. त्याहून लहान नगराला चार बुरूज आणि खेड्याला तीन. झेंड्यालाही दर्जा असतो. शहराच्या झेंड्यावर केंद्रातून आठ त्रिकोणी तुकडे फाकलेले असतात आणि मध्यभागी ढाल असते. लिस्बनचा काळा-पांढरा झेंडा या जातीचा आहे. झेंडा पाहिला की गावाची पायरी कळते. आपल्याकडे पूर्वी पागोट्यावरून माणूस ओळखत, तसेच म्हणा ना!

हे नियम अगदी अलीकडचे. गोव्याचे चाक त्यांच्याहून चार शतके जुने. त्या काळी गोव्याच्या नगरसभेला लिस्बनच्या नगरसभेसारखेच हक्क होते आणि गोवे पाहिले त्याला लिस्बन पाहायला नको, अशी म्हण पोर्तुगीज भाषेत रुळली होती. कोचीला १५१२ साली बांधलेल्या एका अजस्र गलबतालाही नाव दिले गेले ते ‘सिनाई पर्वताची संत कॅथरीन’. नगराचे मुख्य देवालय, म्हणजे से कॅथेड्रल, तिलाच वाहिलेले आहे. १५६२ साली सुरू झालेले त्याचे बांधकाम १६१९ साली संपले. आत गेल्यावर मुख्य वेदीच्या सोनेरी लाकूडकामात कॅथरीनच्या चरित्रातले प्रसंग कोरलेले दिसतात. मूळचे दोन मनोरे. त्यांतला एक १७७६ साली कोसळला. उरलेल्या मनोऱ्यात गोव्याची प्रसिद्ध सोनघंटा आहे.

कमानीवरची बाई

बंदरावरून शहरात शिरताना विजरईची कमान लागते. विजरई म्हणजे पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय; आपल्या मराठी कागदपत्रांनी त्याला हे सोज्ज्वळ नाव दिले. वास्को द गामाचा पणतू फ्रांसिस्को द गामा विजरई होऊन आला, तेव्हा त्याने ही कमान पणजोबांच्या स्मरणार्थ उभारली. नदीकडच्या अंगाला कोनाड्यात वास्को उभा आहे. कमानीवर हरणे कोरली आहेत, कारण पोर्तुगीज भाषेत ‘गामा’ म्हणजे हरिणी. आपल्याकडे घोरपडीच्या नावावरून घोरपडे झाले, तसाच हा नावावरून चिन्हाचा खेळ.

कमानीखालून गेल्यावर वळून मागे पाहावे. शहराकडच्या बाजूला एका बाईची मूर्ती आहे. तिच्या हातात तलवार आहे आणि पायाखाली एक माणूस पडला आहे. युरोपातल्या जुन्या मूर्तींत कॅथरीन आपल्या छळणाऱ्या सम्राटाला अशीच पायाखाली घेते. तो सम्राट रोमचा असतो. येथे, गोव्यात, पायाखालच्या माणसाचा पेहराव इकडचा आहे! मूर्तीची ठेवण तीच राहिली, पण जुलमी कोण आणि जित कोण याची अदलाबदल झाली. ही कमान १९५४ साली नव्याने बांधून काढली, तेव्हा या मूर्तीही पुन्हा जागच्या जागी बसविण्यात आल्या.

कमानीपासून थोड्या अंतरावर, संत कायतानच्या चर्चजवळ, एक काळ्या दगडाचे एकटे दार उभे आहे. आदिलशहाच्या वाड्यातले एवढेच काय ते उरले. त्याचे कोरीवकाम हिंदू शिल्पाच्या वळणाचे आहे. याच शहरात पुढे धर्मन्यायालय बसले. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली चारएक वर्षे सोडता, ते चालले. त्याचेही लांछन होते. मध्ये क्रूस, एका बाजूला क्षमेची ऑलिव्हची डहाळी आणि दुसऱ्या बाजूला तलवार. धर्मासाठी छळल्या गेलेल्या मुलीचे चाक ज्या शहराच्या माथ्यावर होते, त्याच शहरात धर्मासाठी माणसांना तळघरात टाकले जात होते. याच साठीत साष्टीची देवळे पडली आणि रात्री-अपरात्री देव नदी ओलांडून निघाले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. दिवाडीचा सप्तकोटीश्वर डिचोलीतल्या नार्व्याला गेला, आणि तेथे १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ नव्याने उभे केले.

आमचे कुलदैवत कवळ्याची शांतादुर्गा. लहानपणी दर दोन-तीन वर्षांनी आम्ही तिकडे जात असू. कवळे, मंगेशी, म्हार्दोळ असा ठरलेला फेरा. जुने गोवे तेथून काही फार दूर नाही, पण आजोबांनी एस. टी. कधी तिकडे वळू दिली नाही. १९५५ च्या ऑगस्टात सत्याग्रहींच्या तुकडीबरोबर सरहद्दीपर्यंत गेलेला तो माणूस. “तिकडे काय पाहायचे? लांछन आहे ते,” एवढेच ते म्हणत. ते कोणत्या अर्थी म्हणत होते, हे सांगायला नको.

कॅथरीनच्या सणाचा दिवस

एकदा मात्र कॅथरीनच्या सणाचा दिवस या शहराच्या चांगलाच अंगाशी आला. १६८३ साली विजरई कोंदे द आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्यावर हल्ला केला आणि हात पोळून घेऊन तो परतला. त्याच्या पाठोपाठ संभाजी महाराज आले. २४ नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांच्या एका लहानशा तुकडीने जुव्याच्या बेटावरचा कोट घेतला. हे बेट गोवे शहराच्या उशालाच. दुसरा दिवस उजाडला तो २५ नोव्हेंबर, नगराच्या विजयाचा सण! त्या दिवशी विजरई स्वतः सैन्य घेऊन जुव्यावर उतरला आणि त्याची दाणादाण उडाली. विजरई कसाबसा होडीपर्यंत पोहोचला. मराठ्यांनी पाण्यात घोडे घातले. एकशे त्र्याहत्तर वर्षांपूर्वी ज्या तारखेला चाक या शहरात शिरले, त्याच तारखेला ते निखळून पडण्याची वेळ आली होती.

पुढची गोष्ट प्रसिद्ध आहे. घाबरलेला विजरई संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी गेला आणि त्याने आपला अधिकारदंड संताच्या पायाशी ठेवला. तिकडे मोगलांची फौज कोकणात उतरत होती, म्हणून संभाजी महाराजांना माघारी फिरावे लागले. शहराने श्रेय दिले ते झेवियरला. कॅथरीन चिन्हापुरती राहिली आणि लोकांच्या मनातला ‘गोंयचो सायब’ झाला झेवियर.

याच विजरईने पुढल्या वर्षी, १६८४ च्या जूनमध्ये, गोव्याच्या लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला. भाषेच्या अध्यापकाला हे वाचताना राग येतो. पण त्याच रागात आणखी एक गोष्ट आठवावी लागते. हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ साली याच शहरात सुरू झाला. फादर स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ साली याच बंदरावर उतरला आणि त्याने मराठीच्या गोडीला भुलून ‘क्रिस्तपुराण’ लिहिले; ते १६१६ साली राशोलला छापले गेले. भाषा मारण्याचा हुकूम आणि भाषेचे स्तोत्र, दोन्ही एकाच चाकाच्या छायेत! चिन्ह एक असले तरी त्याखाली माणसे एकच प्रकारची नसतात.

नगर गेले, चिन्ह राहिले

शहर संपले ते मराठ्यांच्या हातून नव्हे आणि डचांच्या हातूनही नव्हे. पाण्याने आणि तापाने संपले. साथींमागून साथी आल्या. १६९५ मध्ये विजरई राहायला पणेलीला गेला, १७५९ मध्ये पणजीला. पुढे १८३५ मध्ये धार्मिक संघ बरखास्त झाले आणि मठ ओस पडले. १८४२ साली संत ऑगस्टीनच्या प्रचंड चर्चचे छत कोसळले, आणि १८४३ साली राजधानीचा मानही रीतसर पणजीकडे गेला. एके काळी पूर्वेकडील पोर्तुगीज साम्राज्याची राजधानी असलेले हे ठिकाण आज ग्रामपंचायतीचे गाव आहे. १९८६ पासून तेथली चर्चे जागतिक वारशाच्या यादीत आहेत. मुकुटाच्या व्याकरणाने बोलायचे, तर पाच बुरुजांवरून तीन बुरुजांवर घसरण.

पण चाक मेले नाही. ते प्रवासाला निघाले. पोर्तुगालने १९३५ साली आपल्या वसाहतींना ढाली वाटल्या, तेव्हा हिंदुस्थानातल्या मुलखाच्या ढालीवर, पोर्तुगालच्या पाच निळ्या ढालींच्या आणि हिरव्या लाटांच्या शेजारी, हे चाक आले. तेथून ते नाण्यांवर गेले. १९५८ साली रुपया जाऊन एस्कुदो आला, त्या नाण्यांवरही ते आहे. ज्या नगराचे ते चिन्ह, त्या नगरात झाडी वाढली होती. आणि चिन्ह मडगावच्या बाजारात माशाच्या मोबदल्यात या हातातून त्या हातात जात होते.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. राज्यकर्त्यांच्या खुणा उतरल्या. आल्बुकेर्कचा थोरला पुतळा पणजीतून निघाला आणि जुन्या गोव्यात, संत फ्रान्सिसच्या मठात १९६४ साली उघडलेल्या संग्रहालयात, छपराखाली उभा राहिला. आज गोवा राज्याचे बोधचिन्ह दीपवृक्ष आहे आणि त्याला दोन हातांचा आधार आहे. कदंबांचा सिंह तर सरकारी प्रवासी गाड्यांवर बसून सगळ्या गोव्यात फिरतो. १९८० साली स्थापन झालेल्या त्या महामंडळाचे नावच ‘कदंब’. वरती तिरंगा आहे आणि तिरंग्याच्या मध्यभागीही चाकच आहे. पण ते धर्माचे चक्र, त्याला खिळे नाहीत.

पायऱ्यांवरचा वाद

सरहद्दीलगतच्या ज्या महाविद्यालयात मी शिकवितो, तेथे गोव्याकडची मुलेही असतात. दोनेक वर्षांपूर्वी मराठीच्या वर्गाची सहल घेऊन मी जुन्या गोव्यास गेलो. से कॅथेड्रलच्या पश्चिमेला, संत फ्रान्सिसच्या मठामागे, कॅथरीनचे छोटे चॅपल आहे. प्रवासी तिकडे फारसे फिरकत नाहीत. मूळ आल्बुकेर्कने बांधलेले, १५५० साली जॉर्ज काब्राल या गव्हर्नराने वाढविलेले आणि १९५२ साली पुन्हा उभारलेले. त्याच्या भिंतीत काब्रालचा शिलालेख आहे. या जागी एक दरवाजा होता, त्यातून आल्बुकेर्क १५१० साली संत कॅथरीनच्या दिवशी आत शिरला आणि त्याने हे शहर मुसलमानांकडून घेतले, असा त्याचा मतलब.

मी तो मतलब सांगितला आणि मुले पायऱ्यांवर बसली. मघापासून गप्प असलेला एक मुलगा म्हणाला, “सर, हे असले दगड अजून का ठेवलेत? कत्तलीचा दगड आहे हा. काढून टाकायला पाहिजे.”

त्याच्या बोलण्यात मला माझ्या आजोबांचा आवाज ऐकू आला आणि मी लगेच उत्तर दिले नाही. तेवढ्यात दिवाडीच्या बेटावरची एक ख्रिस्ती मुलगी पुढे झाली. तिने पाकिटातून एक नाणे काढले. एस्कुदो. त्यावर ढाल आणि ढालीवर चाक.

“हे माझ्या पणजोबांच्या पहिल्या पगारातलं, सर. मुरगावच्या गोदीत हमाल होते ते. आजीने मला बारावीला दिलं. हेही टाकू का?”

मुलगा ओशाळला. म्हणाला, “तुझ्या नाण्याबद्दल कोण बोलतंय?”

“चाक तेच आहे ना पण,” ती म्हणाली.

मला त्या क्षणी ‘पगार’ हा शब्द मोठा मौजेचा वाटला. तोही पोर्तुगीजांकडूनच आपल्याकडे आला, आणि त्याला कोणी हद्दपार करा म्हणत नाही. महिनाअखेरीस तर मुळीच नाही. मी मुलांना ‘लांछन’ या शब्दाचे दोन अर्थ सांगितले. त्या मुलीला पहिला अर्थ ठाऊक नव्हता आणि त्या मुलालाही नव्हता. दोघांनाही फक्त डागच माहीत होता. मी म्हटले, “या दगडावरची खूण लांछन आहे. दोन्ही अर्थांनी. त्यातला एक अर्थ पुसायला गेलात तर दुसराही पुसला जाईल. मग येथे कत्तल झाली हे तरी उद्या कोणाला कशावरून सांगाल?”

माझे म्हणणे एवढेच आहे. जिंकणाऱ्याने आपल्या गौरवासाठी दगड बसविला. पण दगड पाचशे वर्षे टिकला की तो बसविणाऱ्याचा राहत नाही, वाचणाऱ्याचा होतो. काब्रालने तो अभिमानाने लिहविला, आपण तो साक्ष म्हणून वाचतो. लिहिणाऱ्याची फुशारकी हीच आज त्याच्याविरुद्धची जबानी आहे. कमानीवरच्या बाईच्या पायाखालचा माणूस उद्या कोणी छिन्नीने उडविला, तर अपमान पुसला जाईल खरा, पण तो माणूस दुसऱ्यांदा मरेल. आणि त्या चाकाचा मूळ मालक तर जिंकणारा नव्हेच. छळ सोसणारी मुलगी आहे. धर्मन्यायालयाच्या तळघरात जे बसले, नदी ओलांडून ज्यांनी देव वाहून नेले, त्यांचेच ते चिन्ह शोभले असते. चुकीच्या हाती पडले म्हणून चिन्ह खोटे ठरत नाही.

आजोबांनी मला जुन्या गोव्याला कधी नेले नाही, याचा मला राग नाही. त्यांच्या पिढीला डाग धुवायचा होता आणि त्यांनी तो धुतला. आमच्या पिढीचे काम निराळे आहे. धुतलेल्या जागी काय होते, हे विसरू न देणे.

परत निघताना त्या मुलाने शिलालेखाचे अक्षर न् अक्षर वहीत उतरवून घेतले. पोर्तुगीज त्याला येत नव्हते. नुसती चित्रे काढावी तशी त्याने ती अक्षरे काढली. नाणेवाली मुलगी शेजारी उभी राहून एकेका शब्दाचा उच्चार सांगत होती. तिच्या आजीने तिला तेवढे शिकविले होते. संध्याकाळ झाली. बस थांबवून मी सगळ्यांना नावेने पलीकडे दिवाडीला नेले, कारण चाक पाहून झाले होते आणि सिंहाची जागा अजून राहिली होती.